कॉलेजचा पहिला आठवडा आणि आपले विहार

अमेरिकेत मूल कॉलेजसाठी घर सोडून गेलं की चर्चशी नातं तुटू नये म्हणून ख्रिस्ती विद्यार्थी संघटना धडपडतात. १९५१ साली बिल ब्राइट यांनी यूसीएलए विद्यापीठात सुरू केलेली 'कॅम्पस क्रुसेड', म्हणजे आजची 'क्रू', त्यातली एक मोठी. आता विद्यार्थ्यानं वेबसाइटवर कॉलेजचं नाव टाकलं की तिथला गट सापडतो. मग कुणीतरी मेसेज करतं, जेवायला बोलावतं. वेबसाइट निमित्त, मूल टिकतं ते त्या जेवणामुळे.

आपल्याकडे? गावच्या विहारात वाढलेली मुलगी पुण्याच्या वसतिगृहात येते, तेव्हा तिथल्या एकाही विहाराला तिची खबर नसते.

पण त्यांची पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. तिथे यादीतल्या नावावरून धर्म कळतो. इथे 'जय भीम' ग्रुपमधलं नाव म्हणजे जात उघड, आणि पुढचं वसतिगृहात राहिलेल्यांना सांगायला नको. म्हणून आधी मुलीची परवानगी, मोठा ग्रुप नकोच. विहार समितीनं त्या शहरातल्या एका ताईचा नंबर तिला द्यावा. फोन कधी करायचा, ते तिनं ठरवावं. प्रवेश सुरू होण्याआधी एवढं जमण्यासारखं आहे.