फ्लॅटवाउंड घेताना आधी ताण पाहा

जेम्स जेमर्सन आणि स्टीव्ह हॅरिस, दोघांच्याही हाती फेंडर प्रिसिजन बेस आणि दोघांच्याही बेसवर फ्लॅटवाउंड तारा. साम्य इथेच संपते. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत साठच्या दशकात असंख्य गाण्यांना खर्ज पुरवणारे जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसत. घाम, मळ आणि बोटांचे तेल यांत मुरलेली तारच त्यांना हवी असे. आयर्न मेडनचे हॅरिस मात्र दर कार्यक्रमाला कोरा संच चढवण्यासाठी प्रसिद्ध आहेत. ड्रम आणि गिटारींच्या गदारोळातून आरपार जाणारा त्यांचा खणखणीत आवाज नव्या तारेतूनच निघतो. ‘फ्लॅटवाउंड किती वर्षे टिकते?’ असे विचारणाऱ्या वादकाने ही दोन टोके आधी लक्षात घ्यावीत.

प्रश्न रास्त आहे. चांगल्या फ्लॅटवाउंड संचाला साध्या राउंडवाउंडच्या दुप्पट, कधी तिप्पट पैसे पडतात, आणि नावाजलेले संच आपल्याकडे परदेशातूनच येतात. पण टिकाऊपणा हा या तारेचा अंगचाच गुण आहे. नावाजलेल्या कोणत्याही कंपनीचा संच नीट वापरला तर वर्षानुवर्षे चालतो. खरी निवड करायची ती ताणाची, आणि नेमकी तीच घाईत उरकली जाते.

आधी टिकाऊपणाचे कारण पाहू. राउंडवाउंडवर गोल तारेचे वेटोळे असतात आणि दोन वेटोळ्यांमध्ये खाच राहते. त्या खाचांत त्वचेचे कण, घाम आणि धूळ साचते. तारेचे वजन ठिकठिकाणी असमान होते, वरचे स्वरांश दबतात आणि आवाज मंदावतो. फ्लॅटवाउंडमध्ये सर्वांत बाहेरचा थर चपट्या पट्टीचा असतो. पृष्ठभाग गुळगुळीत, त्यामुळे मळाला शिरायला जागा कमी. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे: या तारेत वरचे स्वरांश मुळातच कमी असतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत ते उतरले तरी वादकाला काही गमावल्यासारखे वाटत नाही, उलट तार आता कुठे ‘बसली’ असे वाटते. हॅरिस यांना तो पहिला चकचकीतपणाच हवा असतो, म्हणून त्यांच्या लेखी तीच तार एका रात्रीत जुनी होते.

आता ताण. 34 इंची बेसवर सर्वांत जाड ई तार 41.2 हर्ट्झला लावायची असते. लांबी आणि स्वर ठरलेले असले की ताण ठरतो तो तारेच्या वजनावर. हे वजन पाकिटावरच्या जाडीच्या आकड्यातून पुरते कळत नाही, कारण आतला गाभा किती जाड, त्यावर थर किती आणि कोणत्या धातूचे, हे त्या आकड्यात नसते. व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इन्फेल्डचा जॅझ फ्लॅट संच 43 ते 100 चा, आणि डॅडारिओ क्रोम्सचा हलका संच 45 ते 100 चा. ई तार दोन्हीकडे 100, म्हणजे इंचाचा दहावा भाग. पण बोट ठेवताच फरक कळतो: थोमास्टिक लवचिक, बोटाखाली हलणारी, क्रोम्स ताठ आणि आवाजाला उजळ. ला बेलाने जेमर्सन यांच्या नावाने काढलेला संच तर 52 ते 110 चा आहे. तो चढवला की गिटारच्या मानेवर किती ओढ येते, हे ट्रस रॉड फिरवताना हाताला समजते.

जेमर्सन यांचा आवाज हवा म्हणून तोच संच मागवणाऱ्यांना इथे थोडे थांबवावेसे वाटते. त्या आवाजात जाड तारांइतकाच वाटा फ्रेटबोर्डपासून उंच ठेवलेल्या तारांचा, ब्रिजच्या झाकणाखालच्या फोमचा आणि एकट्या तर्जनीने वाजवण्याच्या सवयीचा होता. ऑर्केस्ट्रात चार-चार तास उभे राहून वाजवणाऱ्याच्या मनगटाला तो ताण पेलेलच असे नाही. त्याच्यासाठी 45 ते 105 चा मध्यम संच अधिक सोयीचा. हलक्या स्पर्शाने जॅझ वाजवणाऱ्याने कमी ताणाकडे जावे. जोरात, पिकने वाजवणाऱ्याला मात्र त्या तारा ढिल्या वाटतील आणि फ्रेटवर आपटतील. स्लॅपसाठी फ्लॅटवाउंड घेऊच नये. फ्रेटलेस वाजवणाऱ्याचा फायदा वेगळाच: गुळगुळीत तार लाकूड खात नाही. जॅको पास्तोरियस यांनी राउंडवाउंड वापरता याव्यात म्हणून फ्रेटबोर्डवर जहाजकामातला इपॉक्सी चढवला होता, हे विसरू नये.

निवड आधी पक्की करण्याचे आणखी एक कारण नटमध्ये आहे. 105 च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत 110 ची तार बसत नाही. खाच कानशीने रुंद केली की पुन्हा बारीक तार लावल्यावर ती तिथे सैल राहून झणझणते.

चढवतानाही काळजी हवी. जास्तीची तार कापण्याआधी तिला काटकोनात घट्ट दुमड द्यावी आणि दुमडीच्या पुढे कापावी. तशीच कापली तर गाभ्यावरची पट्टी सुटते आणि नवा संच पहिल्याच दिवशी वाया जातो. बॉडीतून तार ओवण्याची सोय असली तरी अनेक उत्पादक फ्लॅटवाउंडसाठी ती टाळायला सांगतात, कारण तिथल्या तीव्र वळणावर ताठ तार मोडते. 30 इंची बेससाठी त्याच लांबीचा संच घ्यावा.

धातूचा विचार कोकण, मुंबई आणि गोव्याच्या वादकांनी जास्त करावा. क्रोम्स आणि ला बेलाचा डीप टॉकिंग हे स्टेनलेस स्टीलचे, थोमास्टिक निकेलचा, तर रोटोसाउंडचा 77 मोनेलचा, म्हणजे निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचा. गंज लागतो तो बहुधा आतल्या पोलादी गाभ्याला, तोही टोकांकडून. वाजवून झाले की कोरड्या कापडाने तारा पुसाव्यात आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवावी.

तार संपली हे आवाजाच्या मंदपणावरून ठरवू नये. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर जुळत नसतील आणि ब्रिजवरची सॅडल मागेपुढे करूनही जुळेनात, तर ती तार उतरवावी, मग ती सहा महिन्यांची असो वा दहा वर्षांची.

बेसवादकांना एक विनंती. संचाचे नाव, जाडी आणि चढवल्याची तारीख केसच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, आणि संच उतरवाल तेव्हा ती नोंद या मासिकाकडे पाठवा. दमट किनाऱ्यावर आणि कोरड्या देशावर कोणता धातू किती काळ सुरात राहतो, याचा तक्ता त्यातून तयार करता येईल.