एका पाकिटावर ८ टक्के, दुसऱ्यावर ४; तरी काम तेवढंच कसं?

नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना ही दोन पाकिटं ओळखीची आहेत. एकावर 'मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मँकोझेब ६४ टक्के', दुसऱ्यावर 'मेटॅलॅक्झिल-एम ४ टक्के + मँकोझेब ६४ टक्के'. दोन्ही डाऊनीसाठी, म्हणजे केवडा रोगासाठी. मग निम्मं औषध गेलं कुठे?

गेलं नाही, ते मुळातच बिनकामाचं होतं. मेटॅलॅक्झिलचा रेणू दोन रूपांत तयार होतो. अणू तेच, जोडणी तीच, पण एक रूप म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. अशा रेणूंना कायरल म्हणतात. उजव्या हातमोज्यात डावा हात नीट जात नाही ना, तसंच. रोगकारकाच्या आरएनए बनवणाऱ्या यंत्रणेला 'आर' रूपच अडवतं, 'एस' जवळपास काहीच करत नाही. १९७०च्या दशकात आलेल्या मूळ औषधात दोन्ही अर्धी-अर्धी होती. १९९०च्या दशकात आलेल्या 'एम'मध्ये मुख्यतः 'आर' आहे.

दोघांचं वजन सारखं, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती वेगळी दिसत नाहीत. प्रयोगशाळेत त्यासाठी खास कॉलम वापरतात. त्यात सेल्युलोज किंवा अमायलोजपासून बनवलेला, स्वतःही कायरल असलेला पदार्थ असतो. एक रूप त्याला जास्त चिकटतं आणि उशिरा बाहेर पडतं. आलेखावर एकाऐवजी दोन शिखरं दिसतात.

हा खटाटोप कशाला? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सामू ५च्या वर असलेल्या मातीत 'आर' लवकर विघटित होतं, तर ४च्या खाली उलट घडतं. नाशिकच्या काळ्या जमिनीचा सामू साधारण ७च्या वर. तिथेही हाच नियम लागू पडला, तर लढणारं रूप आधी संपणार आणि निरुपयोगी मागे राहणार. युरोपीय संघ मात्र अवशेष मोजताना दोन्हींची बेरीज करतो. म्हणजे काहीच काम न केलेलं 'एस'सुद्धा निर्यातदाराच्या खात्यात जमा!

'एम' घेतलं म्हणून रोगाची प्रतिकारशक्ती टळत नाही, हेही खरं. मूळ औषधाला दाद न देणारा केवडा 'एम'लाही देत नाही, कारण मारा त्याच जागी होतो.

द्राक्ष नसलेल्या भागातही हा प्रश्न आहेच. मुरबाड तालुक्यातल्या म्हसा परिसराचं मुख्य पीक भात. भातावरच्या पर्णकोष करप्यासाठी हेक्झाकोनॅझोल ५ टक्के मिळतं. तेही कायरल, आणि ते ५ टक्के दोन्ही रूपं मिळून. यातलं कोणतं रूप खाचरात किती दिवस उरतं, हे बाटलीवरचं लेबल सांगत नाही.