दिवे महामार्गाला हवेत की बंडीला?



मागच्या जिल्हा बैठकीत एक ठराव आला होता. समृद्धी महामार्गावर नागपूरपासून शेवटपर्यंत दोन्ही बाजूंनी दिवे लावावेत, म्हणजे रात्रीचे अपघात थांबतील, असा तो ठराव. टाळ्या पडल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या, हे कबूल केले पाहिजे. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ माणसे आत जळून मेली, ते कोणी विसरलेले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सैलानी बाबाचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी मध्यरात्री वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली, १२ जण गेले. रात्रीचा अपघात म्हटला की माणसाला पहिल्यांदा अंधारच दिसतो, आणि अंधारावर औषध म्हणजे दिवा. हिशेब सरळ वाटतो.

ठराव पुढे ढकलला गेला, कारण वेळ संपली होती. ते बरेच झाले असे आज आम्हाला वाटते.

मध्यंतरी आम्ही चार जण जीप घेऊन उरणला गेलो होतो. आपल्या कापसाच्या गाठी न्हावा-शेव्याच्या बंदरातून बाहेर जातात, परदेशी गाठी आतही येतात. ते बंदर एकदा डोळ्यांनी पाहावे एवढाच हेतू. ज्या जमिनीवर हा सारा पसारा उभा आहे ती तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांची भातशेती आणि मिठागरे होती. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर तिथे गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व निघाले. बंदर १९८९ साली सुरू झाले. आपल्याकडे समृद्धीच्या मोजणीला जी माणसे आडवी झाली, त्यांनी हा इतिहास वाचला असो की नसो, वाट तीच होती.

आता रात्रीचे सांगतो. पनवेलहून उरणकडे निघालो तेव्हा दहा वाजून गेले होते. रस्ता रुंद, बऱ्याच ठिकाणी दिवे. आणि त्या दिव्यांच्या खालीच, डाव्या बाजूला, कंटेनरच्या ट्रेलरांची रांग उभी. मागचा दिवा कुणाचा फुटलेला, कुणाचा चिखलाने माखलेला. त्यांच्या मागून मोटारसायकलवाले जीव मुठीत धरून निघत होते. एका ठिकाणी दोन खांबांमधल्या काळोखात एक ट्रेलर असा उभा होता की आमच्या चालकाने वेळेवर स्टेअरिंग मारले म्हणून हा लेख लिहायला आम्ही शिल्लक आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत उठवले, तेव्हा परदेशी गाठींचे कंटेनर याच रस्त्याने गेले असतील. आपला भाव पाडून वर रस्त्यात आडवे उभे! हा विनोद आम्हाला त्या वेळी सुचला नाही, छाती धडधडत होती.

आमच्यातला एक जण म्हणाला, इथे तर दिवे आहेत, मग हे असे कसे? त्याचे उत्तर आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळाले, तेही रस्त्यावर नाही.

मोरा हे उरणचे जुने बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून तिथे लाँच येते. ओहोटीला गाळामुळे ती पुष्कळदा थांबते आणि माणसे धक्क्यावर ताटकळत बसतात. आम्हीही बसलो. शेजारी एक म्हातारे खलाशी होते. आम्ही त्यांना विचारले, काका, रात्री या काळ्या पाण्यात रस्ता कसा सापडतो? ते हसले. समुद्रात कोण दिवे लावणार, म्हणाले. वाट कुठून जाते ते बोयावरचा दिवा सांगतो, खडक कुठे आहे ते खडकावरची खूण सांगते, आणि प्रत्येक बोटीने आपला दिवा आपण बाळगायचा: डाव्या अंगाला तांबडा, उजव्या अंगाला हिरवा. बिनदिव्याची बोट मध्ये नांगर टाकून बसली, तर तिचाही घात आणि दुसऱ्याचाही.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी आम्हाला घाटाखाली उतरून समुद्रापर्यंत जावे लागले. आपल्या आजोबांना ती ठाऊक होती. रात्रीच्या प्रवासाला निघालेल्या बंडीखाली कंदील टांगलेला असे. तो वाट पाहायला नव्हता, बैलाला वाट पाठ असते. तो मागून येणाऱ्यासाठी होता.

आता हिशेब करू. ताशी १२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काही दिसले, डोक्यात शिरले, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद तरी जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच गाडी ५० मीटर गेली. पुढे थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ८० मीटर. एकूण १३०. आणि डिप्परच्या उजेडात काळी, धूळ बसलेली वस्तू दिसते ५०-६० मीटरवर. म्हणजे चालक आपल्या उजेडाच्या पुढे पळत असतो. ताशी ८० ला थांबायला सुमारे ७० मीटर लागतात; तेव्हा निदान झुंज तरी बरोबरीची होते. पण उभ्या ट्रेलरच्या पाठीवर तांबडी परावर्तक पट्टी असेल तर ती त्याच डिप्परमध्ये दीड-दोनशे मीटरवरून चमकते. काही रुपयांची पट्टी जे करते, ते हजारो रुपयांचा खांब करीलच असे नाही.

जगाने काय केले तेही बघू. जर्मनीचे महामार्ग जगात नावाजलेले. काही पट्ट्यांवर तर वेगाला मर्यादाच नाही. ते बहुतेक ठिकाणी रात्री काळेकुट्ट असतात. रस्त्यावर पट्टे मात्र ठळक, कडेला चमकणारे खुंट, आणि वाटेत गाडी उभी करायला मनाई. बेल्जियमने उलट केले, महामार्गांवर रात्रभर दिवे लावले, इतके की ते आकाशातून दिसतात असे लोक सांगत. २०११ नंतर त्यांनीही पुष्कळ ठिकाणी ते विझवायला सुरुवात केली. इंग्लंडने २००९ पासून काही रस्त्यांवर मध्यरात्र ते पहाटे पाच दिवे बंद ठेवून पाहिले. याचा अर्थ दिव्यांचा उपयोग नाही असा नव्हे. जिथे रस्ते एकमेकांना मिळतात, माणसे पायी रस्ता ओलांडतात, टोलनाका आहे, बोगदा आहे, तिथे दिवा माणसे वाचवतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर त्याचा गुण बराच कमी. आपल्याकडच्या महामार्गांवरही दिवे साधारण अशाच जागी असतात.

काही भाऊ म्हणतील, हे विजेसाठी चालले आहे. महामार्ग उजळायचा आणि आपण रात्रीच्या लाईनवर साप-विंचवात दारे धरायचे. भावना खरी आहे, पण आकडा पाहा. ७०१ किलोमीटर, दर ४० मीटरला खांब, दोन्ही बाजू धरून सुमारे ३५ हजार खांब. प्रत्येकी दीडशे वॅटचा एलईडी, रात्रीचे ११ तास: रोज साधारण ५८ हजार युनिट. पाच अश्वशक्तीच्या सुमारे १९०० मोटारी आठ तास चालतील एवढी ही वीज. एका तालुक्याचाही प्रश्न त्यातून सुटत नाही. तेव्हा विजेचा बाऊ आपण करू नये, विरोधक पहिल्याच फटक्यात उघडे पाडतील. खरा खर्च खांबांचा, केबलचा, दुरुस्तीचा आणि चोरीचा. शिवाय ३५ हजार खांब म्हणजे आदळायला ३५ हजार नवी ठिकाणे; त्यांच्यापुढे पुन्हा लोखंडी कठडे आलेच.

आणि शेताचे काय? रब्बीची ज्वारी दिवस लहान आणि रात्री लांब होऊ लागल्या की निसवते. तिला रात्रभर उजेड दाखवला तर निसवणे लांबते. सोयाबीनचेही तसेच, दिव्याखालचा पट्टा हिरवाच राहतो आणि बाकीचे शेत कापणीला येते. बोंडअळीचे पतंग उजेडावर येतात, म्हणून तर आपण प्रकाश सापळे लावतो. धुऱ्याला लागून पाच-दहा तासे जाणार असतील तर त्याची भरपाई कोण देणार, हे ठरावात लिहावे लागले असते. ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, आमच्याही नाही.

मग सिंदखेडराजाची ती २५ माणसे कशाने वाचली असती? त्यांच्या रस्त्यात काळोखात दडलेली वस्तू नव्हती. मैलोन्मैल सरळ सिमेंटचा रस्ता, डोळ्यांना नवे काही नाही, रात्रीचा दीड, आणि त्या काळात वाटेत चहा घ्यायला, तोंडावर पाणी मारायला धड जागा नव्हती. रस्ता आधी खुला झाला, थांबे मागून आले. चालकाचे तास मोजले गेले पाहिजेत, लांब पल्ल्याला दुसरा चालक पाहिजे, आणि बसमधून बाहेर पडायची दारे खरोखर उघडली पाहिजेत. खांबावरचा दिवा यातले एकही काम करत नाही.

पनवेलला सुरू होणाऱ्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा धडा याहून उपयोगी आहे. २०१६ साली त्या ९५ किलोमीटरच्या रस्त्यावर दीडशेच्या आसपास माणसे मेली होती. मग महामार्ग पोलिस, रस्ते विकास महामंडळ आणि एका संस्थेने मिळून जागेवर जाऊन एकेक कारण शोधले: कडेला उभी वाहने हलवा, उघडे कठडे आणि पुलाचे कोपरे झाका, खुणा लावा, जखमीला लवकर उचला. पुढच्या तीन-चार वर्षांत मृत्यू बरेच खाली आले. शून्यावर आले नाहीत. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे विनायक मेटे गेले ते त्याच रस्त्यावर, माडप बोगद्याजवळ. पण दिवे वाढवून नव्हे, कारणे काढून आकडा खाली आला, हे विसरू नये.

आता आपल्याकडे वळू, कारण आरसा आपल्यालाही पाहायचा आहे. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यातली पंधरा हजारांवर महाराष्ट्रात. समृद्धीवर ट्रॅक्टर, बंडी, मोटारसायकल यांना मुळात प्रवेशच नाही. आपण असतो जुन्या रस्त्यावर. दिवाळीनंतर कापसाची ट्रॉली काठोकाठ भरून, दोन्ही बाजूंनी फुगलेली, पहाटे दोन-तीनला जिनिंगकडे निघते. मागे दिवा नाही. रिफ्लेक्टर असला तर गंजीखाली झाकलेला. पंक्चर झाली की चाकाला दगड लावून रस्त्यातच उभी, आणि काम झाल्यावर दगड तिथेच. उरणच्या ट्रेलरवाल्याला आम्ही ज्या शिव्या दिल्या त्या आपल्यातल्या कितीकांना लागू पडतात, याचा विचार परतीच्या वाटेवर जीपमध्ये कोणी मोठ्याने बोलून दाखवला नाही. ऊसवाल्या भागात गाळप सुरू झाले की कारखाने, पोलिस आणि आरटीओ ट्रॉल्यांना पट्ट्या लावायची मोहीम काढतात. कापसाला असा कोणी वाली नाही. आपले आपणच लावले पाहिजे. मागे तांबडी, बाजूंना पिवळी, पुढे पांढरी. गंजी फुगली तर तिच्यावरून दोरीने बांधता येईल अशी कापडी पट्टीही लागते.

म्हणून जुना ठराव मागे घेऊन नवा मांडावा असे आमचे मत झाले आहे. सबंध महामार्गावर दिवे नकोत. समृद्धीच्या खालून आपल्या शेतात जायला जे बोगदे ठेवले आहेत त्यांत दिवा हवा. तिथे पावसाळ्यात गुडघाभर पाणी आणि बारा महिने काळोख, बाया माणसांनी संध्याकाळी कसे यायचे? जुन्या रस्त्यांवर गावाचा फाटा, बाजार समिती, जिनिंगचे फाटक, शाळा, इथे दिवा हवा. महामार्गावर उभे वाहन ठराविक वेळात हलवायला क्रेन हवी, ट्रकवाल्यांना झोपायला तळ हवेत, आणि कुंपण तुटलेल्या जागा बुजवायला हव्यात, कारण रोही रात्री तिथूनच रस्त्यावर येते.

ठरावाचा मसुदा बैठकीत दुपारी जेवणानंतर वाचला जाईल. ज्यांच्या शिवारातून समृद्धी जाते त्यांनी गावाचे नाव, बोगद्याजवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि पाणी किती दिवस साचते एवढे कागदावर लिहून आणावे. मांडवाच्या मागे परावर्तक पट्टीची रिळे ठेवलेली असतील. ट्रॉली घेऊन आलेल्यांनी ती लावूनच परत निघावे, परतायला रात्र होणार आहे.