चालते संगणक भंगारात काढायला लावू नका
(अकोले तालुक्यातील सेवा केंद्रचालक व संगणक दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनेचे मागणीपत्र)

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर
मा. तहसीलदार, अकोले यांच्यामार्फत

विषय : विंडोज १० चा सपोर्ट बंद झाल्याने जुन्या संगणकांवर आलेल्या संकटाबाबत

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक संगणक एका फटक्यात बाद ठरले. त्यांत बिघाड काहीच नाही. रॅम वाढवून, एसएसडी टाकून आम्ही ते उत्तम चालते ठेवले आहेत.

जूनमध्ये दाखल्यांसाठी केंद्रांवर रांगा लागतात. घाटघर, रतनवाडीकडून एसटीने आलेल्या पालकाचे आधारकार्ड, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक याच संगणकांवर स्कॅन होते. बोटाचा ठसाही याच संगणकाला जोडलेल्या यंत्रावर घेतला जातो. सुरक्षेचे अपडेट थांबले, तर धोका त्या पालकाच्या कागदपत्रांना आहे.

पैसे भरून अपडेट मिळतात. पण व्यवसायासाठी पहिल्या वर्षी एका संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि तेही तीनच वर्षे. दाखल्यामागे ठरावीक शुल्क घेणाऱ्या केंद्राला हे परवडणारे नाही. युरोपात ग्राहक संघटनांनी दबाव आणल्यावर घरगुती वापरकर्त्यांसाठीच्या अटी कंपनीने सैल केल्या. म्हणजे ठामपणे मागितले तर मार्ग निघतो.

‘विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाका’ हा सल्ला आम्हाला मान्य आहे. सी-डॅकची लिनक्सवर आधारित बॉस प्रणाली मराठीत चालते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर शिकवत आहेत. आमचे घोडे अडते ते ठशाचे यंत्र, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि स्कॅनरपाशी. त्यांचे ड्रायव्हर बहुतांशी विंडोज गृहीत धरून बनवलेले असतात.

म्हणून आमच्या मागण्या :

१. जिल्हा परिषद शाळा आणि आश्रमशाळांतील अशा जुन्या संगणकांचीही तपासणी करून यादी करावी. शिक्षणसंस्थांसाठी हेच अपडेट पहिल्या वर्षी अवघ्या १ डॉलरला आहेत. ते शासनाने एकत्रित खरेदी करून द्यावेत.

२. सेवा केंद्रांची पोर्टल, ठशाची यंत्रे व टोकन लिनक्सवर चालतील अशी सोय शासनाने करून घ्यावी. तोवर केवळ संगणक जुना म्हणून कोणत्याही केंद्राचे काम थांबवू नये.

३. अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, हे सरकारी खरेदीच्या निविदेत आणि संगणकाच्या खोक्यावर लेखी असावे. ३१ जानेवारी २०२३ पर्यंत कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावर विंडोज १० विकत होती. त्यानंतर तीन वर्षे पुरी होण्याआधीच सपोर्ट बंद झाला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल फोनसाठी, विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देण्याचे बंधन घातले आहे. तसाच नियम आपल्याकडे संगणकांना लागू व्हावा, अशी शिफारस केंद्र शासनाकडे करावी.

४. शासकीय कार्यालयांतून निघणारे संगणक थेट भंगारात न देता आधी दुरुस्तीसाठी आणि शाळांसाठी द्यावेत. खरोखर निकामी झालेल्यांसाठी ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार उत्पादकांवर जबाबदारी आहे. त्यांच्याकडून अकोले येथे संकलन केंद्र सुरू करून घ्यावे.

जूनची गर्दी सुरू होण्याआधी या मागण्यांवर संबंधित विभागांची संयुक्त बैठक बोलवावी आणि निर्णय लेखी कळवावा. यादी करणे, लिनक्स बसवणे, शिक्षकांना शिकवणे या कामांत आमचे सभासद विनामोबदला हातभार लावतील.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सभासद