तैनाती फौज आणि सायप्रसची फाळणी

बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईला निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. या फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून जाई आणि हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. अशी फौज निजामाच्या गळ्यात पडली त्यामागे खरी भीती होती. 1795 मध्ये बीडच्या सीमेला लागून असलेल्या खर्ड्याच्या मैदानात मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, तेव्हा इंग्रज त्याच्या मदतीला आले नव्हते. तीन वर्षांनी, 1798 मध्ये, निजामाने तैनाती फौजेचा तह केला आणि पुढे तिच्या जोडीला कंटिंजंट उभी राहिली. 1799 मध्ये टिपू पडला, 1818 मध्ये पेशवाई बुडाली. ज्यांच्या धास्तीने परकी फौज दारात घेतली ते दोन्ही शत्रू नाहीसे झाले. फौज मात्र हलली नाही. उलट तिचा खर्च वाढत गेला, खजिना सावकारांकडे गहाण पडला आणि 1853 मध्ये थकलेल्या पगारापोटी निजामाला वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीच्या हवाली करावे लागले. संरक्षणासाठी आलेल्या सैन्याने राज्याचे तुकडे पाडले ते लढाई करून नव्हे, बिल पुढे करून.

सायप्रसच्या दुभंगलेल्या बेटाबद्दल आपल्याकडे अलीकडे बरेच बोलले जाते. जून 2025 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी निकोसियाला गेले आणि राष्ट्राध्यक्ष निकोस ख्रिस्तोदुलिदीस यांच्याबरोबर त्यांनी ग्रीक दक्षिण आणि तुर्की उत्तर अशी फाळणी करत शहर कापणारी रेषा पाहिली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडच्या तुर्की सायप्रसवासीयांनी दोन स्वतंत्र राज्यांचा आग्रह धरणाऱ्या एर्सिन तातार यांना हरवून संघराज्याच्या बाजूने बोलणाऱ्या तुफान एरहुर्मान यांना मोठ्या बहुमताने निवडून दिले. त्यामुळे एकीकरणाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे. या चर्चेत एक बाजू म्हणते, आधी 1974 पासून उत्तरेत असलेले तुर्कस्तानचे सैन्य हटवा, मग पुढचे बोलू. दुसरी म्हणते, सैन्य आहे म्हणून आम्ही जिवंत आहोत. मराठवाड्याच्या इतिहासावरून मला वाटते की दोन्ही बाजू अर्धे खरे बोलत आहेत. परकी फौज आपण होऊन कधी जात नाही. पण ती नुसती हटवून तुटलेला प्रदेश जोडलाही जात नाही. फौजेने जे काम अंगावर घेतलेले असते, म्हणजे धाकट्या बाजूला सुरक्षित वाटायला लावण्याचे काम, ते करणारी दुसरी व्यवस्था आधी चालू झालेली दिसावी लागते.

सायप्रसमधली भीतीही काल्पनिक नव्हती. 1960 मध्ये ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळाले तेव्हा करारानेच ग्रीसचे 950 आणि तुर्कस्तानचे 650 सैनिक बेटावर ठेवले गेले आणि ब्रिटन, ग्रीस, तुर्कस्तान या तिघांना ‘हमीदार’ केले गेले. डिसेंबर 1963 मध्ये दंगली उसळल्या, तुर्की भाषिकांना घरे सोडून छोट्या छोट्या वस्त्यांत कोंडून राहावे लागले. मार्च 1964 मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना स्थापन झाली. तिचे पहिले सेनापती भारताचे लेफ्टनंट जनरल ग्यानी. त्यांच्यानंतर जनरल थिमय्या, ज्यांना तिथेच 1965 च्या डिसेंबरमध्ये मृत्यू आला. पुढे 15 जुलै 1974 रोजी ग्रीसच्या लष्करी राजवटीने बेटावर बंड घडवून आणले आणि पाच दिवसांनी तुर्कस्तानचे सैन्य उतरले. बंड काही दिवसांतच कोसळले, अथेन्समधली लष्करशाहीही पडली. म्हणजे सैन्य उतरवण्याचे जे कारण सांगितले गेले ते जुलै संपण्याआधीच संपले होते. तरी 14 ऑगस्टला तुर्की फौजा पुन्हा पुढे सरकल्या आणि बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग घेऊन थांबल्या. दीड लाखाहून जास्त ग्रीक भाषिक दक्षिणेकडे पळाले, हजारो तुर्की भाषिक उत्तरेकडे गेले. आज पन्नास वर्षे उलटली, तीस-चाळीस हजारांच्या घरातली ती फौज तिथेच आहे. पेशवाई बुडाल्यावरही छावण्या जशा राहिल्या, तसेच हे आहे.

बीडच्या वाचकाला इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. धाराशिव आणि रायचूर इंग्रजांनी 1860 मध्ये परत केले; 1857 च्या उठावात निजाम आपल्या बाजूने राहिला त्याची ती बक्षिसी होती. कापसाचे वऱ्हाड मात्र ठेवून घेतले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या बोलीवर कायमच्या भाडेपट्ट्याने लिहून घेतले आणि मध्य प्रांताला जोडले. कंटिंजंटही त्याच सुमारास इंग्रजी सैन्यात विलीन झाली. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड घेतले ती फौजच उरली नाही, तरी सीमा उरली. एका बाजूला इंग्रजी कायदा, नागपूरची कचेरी, मराठी शाळा. दुसऱ्या बाजूला निजामाचा महसूल आणि उर्दूतला कारभार. दोन्हीकडे माणसे मराठीच बोलत होती, पण अर्ज करायचे दार वेगळे झाले, आणि दार वेगळे झाले की हितसंबंध वेगळे होतात. 1853 मध्ये तुटलेले हे प्रदेश एका राज्यात आले ते 1 नोव्हेंबर 1956 रोजी, तेही निजामाचे राज्यच विसर्जित झाल्यावर. म्हणून ‘सैन्य गेले की बेट आपोआप एक होईल’ यावर माझा विश्वास नाही. उत्तर सायप्रसमध्ये तुर्कस्तानातून येऊन वसलेली कुटुंबे आहेत, दक्षिणेतल्या लोकांच्या जमिनींवर दुसऱ्यांची घरे उभी आहेत, चलन तुर्की लिरा आहे. हे सगळे सैनिकांबरोबर जहाजात बसून जाणार नाही.

यावर कोणी म्हणेल, वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच भाषेचे होते. सायप्रसमध्ये भाषा दोन, धर्म दोन, तुलना कशाला? आक्षेप रास्त आहे, पण तो माझ्या मुद्द्याला बळच देतो. एक भाषा असूनसुद्धा मराठवाड्याने महाराष्ट्रात येताना धास्ती बोलून दाखवली होती. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर कराराने म्हणूनच लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांचा शब्द दिला, तर संविधानाच्या कलम 371(2) ने विकास मंडळांची तरतूद केली. त्या शब्दाचे काय झाले? मंडळे प्रत्यक्षात आली 1994 मध्ये. त्याआधी दांडेकर समितीने 1984 मध्ये अनुशेष मोजून समोर ठेवला होता. मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली, आणि राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला तो सप्टेंबर 2022 मध्ये. बीड शहरात पहिली प्रवासी रेल्वे आली 17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाल्याला 77 वर्षे झाल्यावर. एकाच भाषेचे थोरले भावंड धाकट्याला दिलेला शब्द इतका ताटकळत ठेवत असेल, तर ग्रीक भाषिक बहुसंख्येच्या राज्यात नुसत्या कागदी हमीवर विसंबून जा, असे तुर्की भाषिकांना कोणत्या तोंडाने सांगायचे? ही धास्ती खोटी ठरवून चालणार नाही. तिचे उत्तर मात्र परकी पलटण नाही.

उत्तर काय असू शकले असते ते 2004 मध्ये दिसले होते. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या एकीकरणाच्या आराखड्यात सैन्य टप्प्याटप्प्याने कमी करत शेवटी 1960 च्याच आकड्यांवर, 950 आणि 650 वर, आणायचे होते. 24 एप्रिलच्या सार्वमतात तुर्की भाषिकांपैकी सुमारे 65 टक्के ‘हो’ म्हणाले, ग्रीक भाषिकांपैकी सुमारे 76 टक्के ‘नाही’. हा निकाल आपल्याकडच्या चर्चेत गाळला जातो, तसा तो गाळू नये. सैन्य कमी करायला तयार झालेली बाजू तुर्की भाषिकांची होती. नकार दिलेली बाजू आठवड्याभरात युरोपीय संघात दाखल झाली, आणि ‘हो’ म्हणालेले बाहेर राहिले. अर्थात ग्रीक भाषिकांच्या नकारालाही कारण होते: सैन्य जाण्याचे वेळापत्रक लांबलचक, आणि तुर्कस्तानचा हस्तक्षेपाचा दावा शाबूत. 2017 मध्ये स्वित्झर्लंडमधली क्रान्स-मोंतानाची बोलणी मोडली त्यात सैन्य आणि हमी हाच मोठा अडसर होता.

मग लोक एकत्र राहू शकतील का? एप्रिल 2003 मध्ये रेषेवरची नाकी उघडली तेव्हापासून लाखो वेळा लोक इकडून तिकडे गेले आणि ज्या रक्तपाताची भीती दाखवली जात होती तो झाला नाही. हा पुरावा वजनदार आहे. सैन्याशिवाय कत्तल होईल हे म्हणणे 1964 मध्ये पटण्याजोगे होते, आज नाही.

आणि सैन्य लवकर परत जाऊ शकते, हेही आपण पाहिले आहे. निजामाच्या राज्यावरची भारतीय सैन्याची सप्टेंबर 1948 ची ‘पोलीस कारवाई’ पाच दिवसांत संपली. त्या काळात आणि त्यानंतर मुसलमानांवर जे अत्याचार झाले त्यांची नोंद सुंदरलाल समितीने केली आहे. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी ती नाकारू नये. पण कारवाईनंतर हैदराबादेत आलेली जनरल चौधरींची लष्करी राजवट 1949 संपता संपता उठली आणि 1952 मध्ये लोकांनी निवडलेले सरकार आले. ‘आमची कारवाई शांततेसाठी होती’ असे म्हणणाऱ्या अंकाराला हाच प्रश्न विचारला पाहिजे: कारभार लोकांच्या हाती कधी दिला?

तो विचारताना भारताने एक पथ्य पाळावे. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने बोलला म्हणून सायप्रसचा मुद्दा काठीसारखा वापरायचा मोह सध्या दिल्लीत आणि वृत्तवाहिन्यांवर दिसतो. तसे केले तर उत्तरेकडच्या ज्या मतदारांनी एरहुर्मान यांना निवडून दिले, त्यांना आपण अंकाराच्या कुशीत परत ढकलू. भारताने शांतिसेनेला सेनापती दिले आहेत, सायप्रसच्या अखंडतेला सातत्याने पाठिंबा दिला आहे. त्या अधिकाराने दोन गोष्टी एकाच वेळी मागता येतात. सैन्य परतीची तारीख करारातच लिहिलेली हवी आणि हमीदारांचा हस्तक्षेपाचा हक्क रद्द व्हायला हवा. त्याच करारात तुर्की भाषिकांच्या जमिनी, नोकऱ्या आणि सत्तेतल्या वाट्यासाठी न्यायालयात दाद मागता येईल अशी, मुदत न संपणारी यंत्रणा हवी, आणि तिचे काम पहिली तुकडी बेट सोडण्याआधी सुरू झालेले असले पाहिजे.