पोरांचा मोबाइल काढाल, पण आपल्या उशाखालच्याचे काय?

परवा हरभऱ्याच्या शेतीशाळेत घाटेअळीसाठी कामगंध सापळे कसे लावायचे ते सांगत होतो. पुढच्याच रांगेत बसलेले एक आबा चक्क घोरू लागले. लोक हसले. नंतर चहा घेताना विचारले, "आबा, तब्येत बरी आहे ना?" म्हणाले, "तब्येतीला काय धाड भरलीय? लाईट रात्री बाराला येते. तोवर मोबाइल बघत पडायचं. लाईट येते, मोटर चालू होते, पण मोबाइल काय हातातून सुटत नाही. डोळा लागेस्तोवर तीन वाजतात."

गावात गेलो की मोबाइलचा विषय निघतोच, आणि तो पोरांवरच येऊन थांबतो. पोरं बिघडली, अभ्यास बुडाला. तक्रार खोटी नाही. पण माझे मत असे की, बिघाड शोधायचा तर आधी मोठ्यांच्या झोपेत शोधावा. असे म्हणण्याला कारण आहे.

पान पिवळे पडले की आपले काही शेतकरी बंधू लगेच युरियाचे पोते फोडतात. नत्र कमी असेल तरी पान पिवळे पडते, पाणी साचले तरी पडते, चुनखडीच्या जमिनीत लोह मिळाले नाही तरी पडते. मुळाशी न बघता औषध दिले तर पैसा वाया. मोबाइलच्या बाबतीत शास्त्रज्ञांचेही असेच झाले आहे. पोर उदास आहे म्हणून मोबाइल बघते, की मोबाइल बघून उदास झाले, हे नुसत्या पाहणीवरून कळत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील दोन संशोधकांनी 2019 साली ब्रिटन-अमेरिकेतील साडेतीन लाखांहून अधिक मुलामुलींची माहिती तपासली. मुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यात मोबाइल-संगणकासारख्या साधनांचा वाटा फार तर 0.4 टक्के निघाला. बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला! आता ही सरासरी झाली. सरासरी पाऊस चांगला पडला तरी एखाद्याचे रान कोरडे राहतेच, तेव्हा ज्याच्या घरात त्रास आहे त्याने हा आकडा पाहून गप्प बसू नये. पण सगळा दोष मोबाइलवर टाकून मोकळे होता येत नाही, एवढे खरे.

झोपेचे तसे नाही. तिथे सरळ प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधील संशोधकांनी बारा जणांना दवाखान्यात ठेवून घेतले. पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजेडाच्या पडद्यावर वाचायला दिले, आणि पाच रात्री कागदी पुस्तक. पडद्यावर वाचले त्या रात्री झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. रात्र झाली असे शरीराला सांगणारे मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक निम्म्याहून अधिक घटले, आणि शरीराचे घड्याळ दीड तास मागे पडले. हा निष्कर्ष 2014 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. बारा माणसे म्हणजे बारा वाफ्यांचा प्रयोग, आणि तोही टॅबलेटवर, हे मान्य. शिवाय नुसत्या उजेडाचीच गोष्ट नाही. पुस्तक संपते, मोबाइलवरचा व्हिडिओ संपतच नाही, एकातून दुसरा निघतो. आबांच्या तीन तासांचा हिशेब तिथेच लागतो.

अपुऱ्या झोपेचा माणूस सकाळी काय करतो? कडबाकुट्टीत वैरण लावतो, ट्रॅक्टर रोटाव्हेटरला जोडतो, पंपात औषधाचे माप टाकतो. यातली एक जरी डुलकी नडली तर काय होते, ते सांगायला नको.

गावांनी काही उपाय केले आहेत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावाने 15 ऑगस्ट 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा नियम केला. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव घेतला. मला विचाराल तर वडगावची रीत अधिक पटते, कारण तिथे आईबापाचाही पडदा बंद होतो. बाप खाटेवर व्हिडिओ बघणार आणि पोराला म्हणणार पुस्तक काढ, हे पोर किती दिवस ऐकेल?

वडगावने संध्याकाळ धरली. मी म्हणतो, बाकीच्या गावांनी रात्रही धरावी. झोपायच्या खोलीत मोबाइल नको, चार्जिंग ओटीवर किंवा स्वयंपाकघरात. रात्रीच्या लाईटची ज्यांना वाट बघावी लागते, त्यांची अडचण खरी आहे. पण मोटरला मोबाइल स्टार्टर असेल तर लाईट आल्यावर तो फोन करतो. रिंग मोठी ठेवून फोन लांब ठेवता येतो. नसेल तर साधा गजर लावावा. दिवसा वीज मिळाली तर हा प्रश्नच उरत नाही. सौर कृषी वाहिनीचे काम आपल्या गावात कुठवर आले, हे ग्रामसभेत जरूर विचारा.

आता आमच्या घरचे गाऱ्हाणे. तलाठी, ग्रामसेवक, आम्ही कृषीवाले, सगळे एकेका गटावर टांगलेले. रात्री साडेदहाला निरोप येतो, 'माहिती तात्काळ सादर करावी.' सकाळी दहाला मागितली असती तर काय बिघडले असते? गेल्या वर्षी पंचनाम्याच्या दिवसांत ओळीने चार रात्री असे झाले. पाचव्या दिवशी माझी दुचाकी साईडपट्टीवरून खाली उतरली. डोळा कधी लागला ते कळलेच नाही. खाली ओढ्याऐवजी ज्वारीचे रान होते म्हणून आज हे लिहितो आहे.

म्हणून माझी सूचना एवढीच की, पूर, वीज किंवा बिबट्याचा इशारा सोडून रात्री नऊनंतर कुठल्याही सरकारी गटावर निरोप टाकू नये, आणि ग्रामपंचायतीने तसा ठराव करून वर पाठवावा.

आबांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुमचा तो फवारणीचा मेसेज परवा रात्री अकराला आला होता." खरेच आला होता. आता मी सकाळी सातला टाकतो. वरून येणारे मात्र अजून साडेदहालाच येतात.