नाळेतले रक्त : तिजोरीत की पेढीत?

बाळंतपणानंतर नाळ कापली जाते, वार पडते. त्या दोहोंत उरणारे शंभरेक मिलिलिटर रक्त पिढ्यान्‌पिढ्या वायाच गेले. या रक्तात सर्व प्रकारच्या रक्तपेशी निर्माण करणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ साली पॅरिसच्या सँ-लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया या आनुवंशिक व्याधीने ग्रासलेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले आणि त्याच्या शरीरात निरोगी रक्त तयार होऊ लागले. तेव्हापासून हे टाकाऊ रक्त मोलाचे ठरले. मोल आले की मालकीचा प्रश्न येतो, आणि बाजार तो आपल्या परीने सोडवू पाहतो.

आपल्याकडे तो कसा सुटला हे सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. गर्भवती स्त्रीला आणि तिच्या नवऱ्याला गाठून खाजगी कंपन्या सांगतात : बाळाच्या नाळेतील रक्त आमच्याकडे ठेवा, पुढे रक्ताचा आजार झाल्यास तेच त्याला वाचवील. या आश्वासनापोटी मध्यमवर्गीय कुटुंबे हजारो रुपये मोजतात. वास्तविक या आश्वासनाला शास्त्राचा आधार फारच थोडा आहे. थॅलेसेमिया वा सिकलसेल यांचा दोष जन्मजात असतो, म्हणजे तो नाळेतील रक्तातही असतोच. रक्ताच्या कर्करोगात उरलेल्या रोगट पेशींवर परक्या माणसाच्या पेशी जो हल्ला चढवतात, तो स्वतःच्या पेशी चढवू शकत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या भावी उपयोगासाठी असे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. जाहिराती मात्र थांबल्या नाहीत.

या रक्ताचा खरा उपयोग परक्याला होतो, आणि प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हे अधिकच लख्ख दिसते. प्रत्यारोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी ही किमान मात्रा मानली जाते. वीस किलोंच्या मुलाला ५० कोटी पेशी लागतात, तर साठ किलोंच्या कामगाराला १५० कोटी. एका नाळेतून इतक्या पेशी पुष्कळदा मिळत नाहीत. म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी प्रौढांना दोन बाळांचे रक्त एकत्र देण्याची पद्धत रूढ केली. अस्थिमज्जेच्या मानाने येथे जुळणी थोडी सैल चालते, सहापैकी चार खुणा जुळल्या तरी भागते. पण नव्या पेशी रुजण्यास अधिक दिवस लागतात आणि तोवर जंतुसंसर्गाचा धोका राहतो. तेव्हा भरपूर पेशी असलेला आणि जुळणारा साठा निवडता आला पाहिजे. हजारो अनोळखी मातांनी दिलेले रक्त एका ठिकाणी असेल तरच अशी निवड शक्य होते. हजारो कुलूपबंद तिजोऱ्यांतून ती होत नाही. काही कंपन्यांनी अलीकडे शुल्क भरणाऱ्या सभासदांपुरता सामाईक साठा सुरू केला, ही या सत्याची अप्रत्यक्ष कबुलीच होय. मात्र त्या सामाईकतेच्या दारावरही पैशाचा पहारा आहे.

आता नाळेतील रक्ताची गरजच उरली नाही, असे काही जण म्हणतील. या म्हणण्यात तथ्य आहे. अर्धी जुळणी असलेल्या आई, बाप, भावंड वा अपत्याकडून मूलपेशी घेण्याची पद्धत पुढे आल्यापासून प्रौढांसाठी नाळरक्ताचा वापर घटला आहे. परंतु प्रत्येकाला असा नातेवाईक असतो किंवा तो चालतोच असे नाही. कधी रुग्णाच्या शरीरातच नातलगाच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे असतात. अशांसाठी नाळरक्त ही उरलेली वाट आहे. ती सर्वांसाठी खुली असावी की ऐपतदारांसाठी, एवढाच प्रश्न आहे.

रक्ताच्या बाबतीत या देशाने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांकडून रक्त घेणे बंद झाले. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० सालीच दाखवून दिले होते की, विकत घेतलेल्या रक्तापेक्षा दान केलेले रक्त अधिक निर्धोक असते. धमन्यांतील रक्ताला लागू केलेले तत्त्व नाळेतील रक्तापाशी येऊन का अडखळावे?

म्हणून मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना कायद्याने आळा घालावा. जिल्ह्याजिल्ह्यांत नव्हे, पण निवडक मोठ्या सरकारी प्रसूतिगृहांशी जोडलेल्या, दर्जेदार सार्वजनिक नाळरक्तपेढ्या शासनाने उभाराव्यात आणि तेथील साठा सार्वजनिक रुग्णालयांतील प्रत्यारोपणासाठी विनामूल्य मिळावा. मात्र रक्तावर पहिला हक्क बाळाचा. जागतिक आरोग्य संघटना नाळ किमान एक मिनिट न बांधण्याची शिफारस करते, कारण त्या अवधीत बाळाला मिळणारे लोह पुढील महिन्यांत त्याला पांडुरोगापासून जपते. साठ्याच्या लोभाने ही मिनिटे कोणी हिरावता कामा नये. बाळाचे पोट भरून जे उरेल ते समाजाचे.

वस्त्यांतून काम करणाऱ्या साथींनी ही गोष्ट गर्भवती भगिनींपर्यंत पोहोचवावी. कंपनीचा प्रतिनिधी त्यांच्या दारी आधीच पोहोचलेला असतो, आपणच मागे राहतो.